देसी आर्नाझ : आपल्या बोलीसकट उभा राहिलेला माणूस

(मंडळाच्या मासिक सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)

आपल्या या व्यासपीठावरून मल्हाररावांविषयी, अहिल्याबाईंविषयी, इंदुरातल्या जुन्या मराठी गायकांविषयी आणि शिक्षकांविषयी आपण पुष्कळ ऐकले आहे. आज आम्ही ज्याच्याविषयी बोलणार आहोत तो मराठी नाही आणि भारतीयही नाही. तो क्यूबाचा. अमेरिकेत निर्वासित म्हणून आला आणि तिथल्या दूरदर्शनच्या धंद्याची घडी बसवून गेला. नाव देसी आर्नाझ. 'देसी' ऐकून काही जण हसले, पण ते देसिदेरिओ या स्पॅनिश नावाचे लघुरूप आहे. मात्र आपल्या कानाला ते जसे लागते, तसा तो थोडाफार होताही. परक्या मुलुखात राहून त्याने आपले देशीपण सोडले नाही.

हा विषय का निवडला, ते आधी सांगतो. गेल्या सभेत नातवंडांच्या मराठीवरून आपल्यात बरीच वादावादी झाली. एक बाजू म्हणाली, मुलांना घरातही हिंदी-इंग्रजीच बोलू द्या, नाहीतर त्यांचे उच्चार बिघडतात आणि पुढे मुलाखतीत मागे पडतात. दुसरी बाजू म्हणाली, मराठी गेली तर आपण मराठी कसले? दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकताना आम्हांला हा आर्नाझ आठवला. कारण 'तुझ्या उच्चारामुळे लोक तुला स्वीकारणार नाहीत' हेच वाक्य त्यालाही ऐकावे लागले होते. त्याने त्यावर काय केले, त्यात त्याने काय मिळवले आणि काय गमावले, एवढेच आज सांगायचे आहे.

देसी आर्नाझचा जन्म २ मार्च १९१७ रोजी सांतियागो दे क्यूबा या शहरात झाला. घर मोठे खानदानी. वडील त्या शहराचे महापौर होते, पुढे क्यूबाच्या प्रतिनिधिगृहात गेले. आईचे वडील प्रसिद्ध बकार्डी मद्य कंपनीत अधिकारी. शेतीवाडी, घोडे, गाड्या, नोकरचाकर सगळे होते. मुलाने वकील व्हावे अशी योजना होती. ऑगस्ट १९३३ मध्ये क्यूबात उठाव झाला आणि हुकूमशहा माचादो देश सोडून पळाला. त्या सत्तेशी जोडलेल्या घराण्यांवर लोकांचा राग निघाला. आर्नाझांचे घर लुटले गेले, मालमत्ता जप्त झाली, वडील तुरुंगात गेले. सहा महिन्यांनी सुटल्यावर ते अमेरिकेत मायामीला गेले. १९३४ साली सतरा वर्षांचा देसी त्यांच्याकडे पोहोचला.

आपल्यातल्या ज्या घरांनी १९४८ साली संस्थान विलीन होताना पाहिले, त्यांना यातले थोडेसे कळेल. काल ज्या वाड्यात कारकुनांची रांग असे, त्याच वाड्यातला मुलगा उद्या सरकारी नोकरीसाठी अर्ज लिहीत बसतो. पण आपले घर कोणी जाळले नाही आणि आपल्याला देश सोडावा लागला नाही, हा फरक लक्षात ठेवला पाहिजे. आर्नाझ बापलेकांना एका गोदामात दिवस काढावे लागले. महापौराचा मुलगा मायामीत कॅनरी पक्ष्यांचे पिंजरे साफ करून पैसे मिळवीत होता. इंग्रजी मोडकेतोडके. त्या शाळेतला त्याचा एक जवळचा मित्र म्हणजे कुप्रसिद्ध गुंड अल कॅपोनचा मुलगा. ही ओळख ध्यानात ठेवा, पुढे तिचे काम आहे.

त्याच्या हातात एकच गोष्ट होती. ती म्हणजे क्यूबाचे संगीत. एका हॉटेलातल्या छोट्या वाद्यवृंदात तो वाजवू-गाऊ लागला. तिथून त्याला झेवियर कुगात या नामांकित वाद्यवृंदप्रमुखाने उचलले, आणि थोड्याच दिवसांत देसीने स्वतःचा संच उभा केला. क्यूबातल्या उत्सवांत लोक एकामागोमाग एक रांग धरून ढोलाच्या ठेक्यावर नाचतात, तो काँगा त्याने मायामीच्या श्रोत्यांना शिकवला आणि पाहता पाहता अमेरिकेत त्याचे वेड पसरले. जे घरातून शिदोरीसारखे आणले होते, त्यावरच त्याने पोट भरले.

१९३९ साली तो ब्रॉडवेच्या रंगभूमीवर आला. त्याच नाटकावर आर. के. ओ. या कंपनीने चित्रपट काढला आणि तिथे त्याची गाठ ल्युसिल बॉल या अभिनेत्रीशी पडली. ती त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी, तांबड्या केसांची, अमेरिकन. ३० नोव्हेंबर १९४० रोजी दोघांचे लग्न झाले. महायुद्धात त्याने नौदलात जायचा प्रयत्न केला, पण नागरिक नसल्यामुळे त्याला घेतले नाही. पुढे सैन्यात भरती झाला, गुडघा दुखावला आणि जखमी सैनिकांसाठी करमणुकीचे कार्यक्रम करण्याचे काम त्याच्याकडे आले.

युद्धानंतर तो वाद्यवृंद घेऊन गावोगाव फिरे आणि ती हॉलिवूडमध्ये काम करी. संसार असा कसा चालायचा? १९४४ साली तिने एकदा घटस्फोटाचा अर्जही केला होता, मग दोघे पुन्हा एकत्र आले. आता मुख्य गोष्ट येते. ल्युसिल रेडिओवर एका गृहिणीची भूमिका करीत असे. सी. बी. एस. या कंपनीला तोच कार्यक्रम दूरदर्शनवर आणायचा होता. तिने अट घातली की नवऱ्याची भूमिका माझा नवराच करील. तिचा हेतू कलेचा तर होताच, पण त्याहून साधा होता. नवरा घरी राहावा, एवढाच.

कंपनीचे अधिकारी बिचकले. अमेरिकन बाईचा नवरा क्यूबन, त्यातून असा बोलणारा, हे प्रेक्षकांना पटणार नाही, असे त्यांचे मत होते. खरे पाहता त्या दोघांच्या लग्नाला त्या वेळी जवळजवळ दहा वर्षे झाली होती. जे घरात रोज घडत होते ते पडद्यावर मात्र अशक्य ठरवले गेले. यावर नवराबायको भांडत बसले नाहीत. त्यांनी १९५० साली विनोदी प्रवेश बसवले आणि गावोगावच्या नाट्यगृहांत जाऊन त्याचे प्रयोग केले. लोक पोट धरधरून हसले. अधिकाऱ्यांना उत्तर मिळाले. आपण अर्ज, निवेदने, शिष्टमंडळे यांत तरबेज आहोत. तेही करावेच लागते. पण निवेदनाबरोबर असा एखादा प्रयोगही हातात असला तर समोरच्याला नाही म्हणणे जड जाते.

'आय लव्ह ल्युसी' ही मालिका १५ ऑक्टोबर १९५१ रोजी सुरू झाली. तिच्या आधी एक पेच पडला होता. त्या काळी बहुतेक कार्यक्रम न्यूयॉर्कहून थेट प्रक्षेपित होत. दूरच्या शहरांना जे मिळे ते दूरचित्रवाणीच्या पडद्यावरूनच उतरवलेले, धूसर चित्र. प्रायोजकाला न्यूयॉर्क हवे होते. पण या दोघांना कॅलिफोर्नियातले घर सोडायचे नव्हते, कारण पहिले मूल होणार होते. त्यांची मुलगी ल्युसी जुलै १९५१ मध्ये जन्मली. मग देसीने तोडगा काढला. मालिका चित्रपटासारखी ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर उतरवायची, पण नाटकासारखी सलग, समोर खरे प्रेक्षक बसवून, एकाच वेळी तीन कॅमेऱ्यांनी. अशा धर्तीचे थोडे प्रयोग पूर्वी झाले होते, त्यामुळे सगळे श्रेय त्याच्या एकट्याचे नाही. प्रकाशयोजना आणि छायाचित्रण त्याने कार्ल फ्रॉइंडवर सोपवले. हा फ्रॉइंड 'मेट्रोपोलिस' या जर्मन चित्रपटाचा छायाचित्रकार. तोही युरोपातून अमेरिकेत आलेलाच. बाहेरून आलेल्या दोघांनी मिळून जी पद्धत बसवली, ती विनोदी मालिकांना इतकी मानवली की पुढे कित्येक दशके तीच चालली.

फिल्मचा खर्च जास्त. कंपनी आणि प्रायोजक तो उचलायला तयार नव्हते. तेव्हा देसी म्हणाला, आम्ही दोघे आठवड्याला हजार डॉलर कमी घेतो, पण या फिल्मची मालकी आमची. कंपनीने ते मान्य केले. एकदा दाखवलेला भाग पुन्हा कोण पाहणार, असाच तेव्हा समज होता. पण लोकांनी पुन्हा पाहिला आणि पुन्हा पुन्हा पाहिला. १९५७ साली त्याच फिल्मचे हक्क त्यांनी कंपनीला चाळीस लाख डॉलरहून अधिक रकमेला विकले. त्या पैशाच्या बळावर त्यांच्या 'देसिलू' या कंपनीने आर. के. ओ. चे स्टुडिओ विकत घेतले. म्हणजे जिथे दोघे नोकर म्हणून भेटले होते, ती जागाच घेतली. २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने 'रामायण' पुन्हा दाखवले आणि आपल्या घराघरांत आजी-आजोबा आणि नातवंडे एकत्र बसली, ते आठवून पाहा. जपून ठेवलेल्या चित्राला किती किंमत असते ते त्या वेळी आपण अनुभवले. देसीने ते १९५१ साली ओळखले होते.

आता उच्चाराची गोष्ट. मालिकेत देसी रिकी रिकार्डो नावाच्या क्यूबन वाद्यवृंदप्रमुखाची भूमिका करी. रागावला की तो धडाधड स्पॅनिशमध्ये बोले. त्याचे भाषांतर खाली येत नसे, कोणी समजावून सांगत नसे, तरी कोट्यवधी इंग्रजी घरांना त्याचा अर्थ कळे, कारण नवरा रागावला की काय बोलतो ते सगळ्या घरांत सारखेच असते. त्याच्या उच्चाराची थट्टा मालिकेत होई, पण ती करायची मुभा फक्त बायकोला होती. इतर कोणी केली की प्रेक्षकांना ती रुचत नसे. हे फार मोलाचे आहे. घरच्या माणसाने चिडवणे वेगळे आणि परक्याने हिणवणे वेगळे. आपण पुण्याला लग्नकार्याला जातो तेव्हा आपल्या हिंदी मिसळलेल्या मराठीला तिथले नातेवाईक हसतात आणि इकडे परत आलो की शेजारी आपल्या हिंदीतली मराठी पकडतात. दोन्हीकडे हसू ठरलेलेच. त्यातले कोणते मायेचे आणि कोणते तुच्छतेचे, हे आपल्याला बरोबर कळते.

डिसेंबर १९५२ मध्ये दाखवलेला एक भाग तर जणू आपल्या गेल्या सभेवरच लिहिला आहे. ल्युसीला दिवस गेले आहेत. बाळ बापासारखे बोलायला लागेल या धास्तीने ती घरी इंग्रजीचा शिक्षक ठेवते. रिकीला पुस्तक वाचायला लावतात, तर एकसारख्या लिहिलेल्या इंग्रजी शब्दांचे उच्चार निरनिराळे कसे, या प्रश्नाने तो हैराण होतो. शेवटी होते काय, तर तो शिस्तीचा मास्तरच रिकीच्या ढंगात बोलू आणि गाऊ लागतो. लोक खूप हसले. त्या हसण्यात बापाची बोली हरली नाही, हे महत्त्वाचे.

त्या मालिकेत गरोदरपण दाखवणे हेही धाडसच होते. गर्भवती हा इंग्रजी शब्द उच्चारायची परवानगी नव्हती. संहिता एका कॅथलिक पाद्र्याला, एका प्रोटेस्टंट पाद्र्याला आणि एका ज्यू धर्मगुरूला दाखवून घेत. मालिकेतल्या बाळाचा जन्म १९ जानेवारी १९५३ रोजी दाखवला गेला आणि त्याच दिवशी त्यांचा खरा मुलगा, धाकटा देसी, जन्मला. तो भाग सुमारे ४ कोटी ४० लाख लोकांनी पाहिला. दुसऱ्या दिवशी आयझेनहॉवर यांचा अध्यक्षपदाचा शपथविधी होता. त्याला इतके प्रेक्षक लाभले नाहीत. ज्याला लोक स्वीकारणार नाहीत असे म्हटले होते, त्याच्या घरच्या पाळण्याभोवती सारा देश जमला.

पण मंडळी, असे प्रेम एका रात्रीत फिरू शकते. सप्टेंबर १९५३ मध्ये बातमी फुटली की ल्युसिलने १९३६ साली मतदार म्हणून कम्युनिस्ट पक्षाच्या बाजूने नाव नोंदवले होते. तिचे म्हणणे, आजोबांच्या समाधानासाठी ते केले होते. अमेरिकेत तेव्हा कम्युनिस्ट म्हटले की नोकरी, नाव, सगळे संपत असे. त्या आठवड्याच्या चित्रीकरणाला प्रेक्षक जमले तेव्हा देसी स्वतः पुढे झाला. स्वतः उठावात घर गमावलेला माणूस, मोडक्या उच्चारांत, बायकोच्या बाजूने बोलला. माझ्या बायकोचे तांबडे असेल ते फक्त केस आणि तेही खरे नव्हेत, या अर्थाचे त्याचे बोलणे पुढे प्रसिद्ध झाले. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या आणि मालिका वाचली. परक्या म्हणून ज्याच्याविषयी शंका होती, तोच त्या दिवशी घराचा आधार ठरला.

कौतुकाबरोबर त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर ती स्मरणिका होईल, स्मरण नव्हे. १९५९ साली देसिलूने 'द अनटचेबल्स' ही गुन्हेगारीवरची मालिका काढली. विषय अल कॅपोनच्या काळचा. शाळेतला तो मित्र आठवतो ना? कॅपोनच्या कुटुंबाने दावा लावला. तो टिकला नाही, पण मैत्री दुखावली गेली. त्याहून मोठी गोष्ट अशी की या मालिकेत गुंड म्हटला की त्याचे नाव इटालियन असायचे. अमेरिकेतला इटालियन समाज चिडला. निदर्शने झाली. १९६१ साली गोदी कामगारांनी प्रायोजकाच्या सिगारेटी उतरवायला नकार दिला. शेवटी देसीला समझोता करावा लागला की काल्पनिक गुंडांना इटालियन नावे देणार नाही. आपल्या क्यूबन पात्राची अप्रतिष्ठा होऊ न देणारा हा माणूस दुसऱ्या समाजाच्या बाबतीत चुकला. आम्हांला वाटते, ही चूक आपणही करतो. आपल्याला कोणी नावे ठेवली की आपण पत्रके काढतो आणि आपल्यानंतर या शहरात पोटासाठी आलेल्या लोकांविषयी मात्र घरात वाटेल ते बोलतो. इटालियन लोकांनी शांतपणे, संघटित होऊन आपले म्हणणे मान्य करून घेतले, हेही शिकण्यासारखे आहे.

आणि घर? जी मालिका नवऱ्याला घरी ठेवण्यासाठी सुरू झाली, तिच्यातून एवढा मोठा कारखाना उभा राहिला की नवरा घरातून पुन्हा गेला. कामाचा डोंगर, दारू, बाहेरची प्रकरणे. पडद्यावर रिकी दर आठवड्याला शेवटी बायकोला जवळ घेई आणि घरी मात्र बोलणे बंद होत चालले होते. १९६० साली घटस्फोट झाला. १९६२ साली देसीने आपला हिस्सा ल्युसिलला विकला. तिच्या हाताखाली त्या कंपनीने पुढे 'स्टार ट्रेक' आणि 'मिशन : इम्पॉसिबल' या मालिका काढल्या. १९६३ साली देसीने दुसरे लग्न केले. मुलांशी त्याने नाते तुटू दिले नाही आणि पहिल्या बायकोशीही नाही. मुलगा तरुणपणी व्यसनात सापडला आणि पुढे त्यातून बाहेर आला. बापानेही उतारवयात व्यसनावर उपचार घेतले. त्याला आदर्श गृहस्थ म्हणवत नाही. पण संसार मोडला तरी माणसे तोडली नाहीत, एवढे श्रेय त्याला द्यायला हवे.

१९८६ साली त्याला फुप्फुसाचा कर्करोग झाला. ३० नोव्हेंबरला, म्हणजे ज्या तारखेला त्यांचे लग्न झाले होते त्याच तारखेला, ल्युसिल फोनवर त्याच्याशी बोलली. २ डिसेंबर १९८६ रोजी तो गेला. पाचच दिवसांनी वॉशिंग्टनला केनेडी सेंटरमध्ये तिचा राष्ट्रीय सन्मान होता. त्या सोहळ्यासाठी त्याने मजकूर लिहून ठेवला होता. 'द अनटचेबल्स'चा नायक रॉबर्ट स्टॅक याने तो वाचला. त्यात शेवटी देसीने एवढेच सांगितले होते की 'आय लव्ह ल्युसी' हे कधीच नुसते मालिकेचे नाव नव्हते. समोर बसलेल्या ल्युसिलला रडू आवरले नाही.

आता आपल्याकडे वळू या. राज्यघटनेच्या ३५०-अ कलमाने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे यासाठी सोयी करण्याची जबाबदारी राज्यांवर टाकली आहे. ती तरतूद १९५६ सालची आहे. तिचा आग्रह आपण धरलाच पाहिजे आणि हे मंडळ तो धरीतच आले आहे. पण कलमाने शाळा मिळेल, जेवणाच्या ताटावरची भाषा मिळणार नाही. ती आपणच ठेवायची असते. देसीला इंग्रजी येत नव्हते असे नाही. त्या भाषेत त्याने एवढा मोठा धंदा चालवला. त्याने फक्त इंग्रजी बोलताना आपली स्पॅनिश लपवली नाही. आपल्या मुलांनीही हिंदी उत्तम बोलावी, इंग्रजी उत्तम बोलावी आणि त्यात मराठी डोकावली तर मान खाली घालू नये. उच्चाराने माणूस मागे पडत नाही, कामात कच्चा असला तर पडतो. गेल्या सभेतल्या दोन्ही बाजूंना आमचे हेच उत्तर आहे.

दुसरे असे की देसीने पगार कमी घेतला आणि फिल्म ठेवली. आपल्या घरची फिल्म कुठे आहे? माळव्यात वाढलेली आपली मराठी पुण्याच्या मराठीहून निराळी आहे. तिच्यातले शब्द, म्हणी, मंगळागौरीची गाणी, जुन्या वाड्यांतल्या गोष्टी आज ऐंशी-पंच्याऐंशीच्या आजींना आणि काकांना येतात. उद्या त्या सांगायला कोणी नसेल. आता प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे, त्यासाठी तीन कॅमेरे आणि कार्ल फ्रॉइंड लागत नाही. आम्ही कार्यकारिणीला विनंती करतो की पुढच्या सभेपासून दर महिन्याला एका ज्येष्ठांचे बोलणे ध्वनिमुद्रित करावे. आणि ते करताना नातवंडांनाच समोर बसवावे, म्हणजे नुसते जपणे होणार नाही, ऐकणेही होईल.

शेवटचे सांगतो आणि थांबतो. मंडळाचे काम, संमेलने, निवेदने यांच्या गडबडीत घरातल्या माणसांशी बोलायचे राहून जाते. आमच्याकडूनही ते पुष्कळदा राहिले आहे. ज्या घरासाठी एवढा खटाटोप चालला आहे, त्या घरी आज वेळेवर जाऊ या आणि जेवताना मराठीत बोलू या.